एसीवाले गुरुजी

अंगावर ग्रीस, कपाळावर गंध आणि उजव्या कानावर जानवं, अशा अवस्थेत ट्रकखालून बाहेर येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चटकन तोंड फिरवलं होतं. कानावर जानवं चढवलेला माणूस कुठल्या कामाला निघालाय, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पण गुरुजींचं तसलं काही नव्हतं. जानवं फिरत्या पट्ट्यात अडकू नये म्हणून ते कानावर ठेवायचे. एकदा मी धीर करून विचारलंच, तर म्हणाले, "दोन्हीकडे कारण एकच, यजमानीणबाई. घाणीचं काम."

त्यांना नाव होतं, पण द्वारका चौकापासून आडगाव नाक्यापर्यंत ते कुणी घेत नसे. मेकॅनिक, ड्रायव्हर, चहावाला, सगळे गुरुजीच म्हणायचे. घराणं रामकुंडावरचं, पिढ्यान्पिढ्या यात्रेकरूंचे विधी सांगणारं. तरुणपणी ते वडिलांशी भांडून आखातात गेले आणि तिथे मोठमोठ्या गाड्यांच्या एसीची कामं शिकून आले. वडील गेल्यावर घाट अंगावर आला, पण हातातला पाना काही सुटला नाही. मग त्यांनी दिवसाचे सरळ दोन भाग केले. सकाळी घाटावर पिंड आणि अस्थी, दुपारी जेवून हायवेलगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये ट्रकचे एसी. एकात दुसऱ्याची लुडबुड त्यांना खपत नसे, पण बोलताना मात्र दोन्हींचा पार गोपाळकाला व्हायचा. गाडीच्या मालकाला ते यजमान म्हणायचे. गॅस भरायच्या आधी "आचमन करून घेऊ" म्हणत नळीतली हवा काढायचे. आणि एखादी गाडी दुरुस्तीच्या पलीकडे गेली असेल तर हात धुऊन म्हणायचे, "हिला आता माझ्या सकाळच्या दुकानात आणा."

मी त्यांच्याकडे गेले ती आमच्या गाडीमुळे. आमचं घर मखमलाबादकडचं, फुलं आणि भाजी पिकवणारं. वडिलांनी स्वतःचा माल नेता नेता दुसऱ्यांचा न्यायला सुरुवात केली आणि ट्रक घेतले. भावाला ऑफिसातली नोकरी मानवली, मला गाड्या मानवल्या. बाई ट्रकचा धंदा करते म्हटल्यावर लोक आधी हसायचे, मग भाव पाडायचे, आणि शेवटी ताई म्हणायचे. या तिन्ही पायऱ्या मी चढले होते, त्यामुळे गॅरेजवाल्यांना मी काही घाबरत नसे. गुरुजींच्या शेडवर पाटी होती, "गाडीबरोबर मालकाने यावे. फोनवर रोग कळत नाही." मला ती आगाऊपणाची वाटली.

"गार हवा येत नाही," मी सांगितलं.

"कुणाला येत नाही?"

"म्हणजे? गाडीत."

"गाडीला काय कळतंय? तुम्ही बसला होता का?"

मी म्हटलं, ड्रायव्हर सांगतो ना. त्यावर त्यांनी माझ्या हाती किल्ली दिली आणि केबिनकडे बोट केलं. "चढा. ड्रायव्हरच्या जागेवर बसा. काचा बंद. मी चहा पिऊन येतो."

एप्रिलची दुपार होती. मला वाटलं, गंमत करतायत. पण ते खरंच समोरच्या टपरीवर जाऊन बसले, पाठ माझ्याकडे करून. मी हट्टानं बसले. आधी पाठीला सीट चिकटली, मग स्टेअरिंगला हात लाववेना, मग कानात कसलासा आवाज यायला लागला. इंजिन पायाखालून भाजत होतं आणि समोरच्या काचेतून ऊन थेट मांडीवर. त्या जागी बसून आमचे ड्रायव्हर नागपूरला जातात, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. गुरुजींनी दार उघडलं तेव्हा मी जवळजवळ त्यांच्या अंगावरच पडले.

"आता सांगा, काय होतंय?"

"मरायला होतंय," मी म्हटलं.

"हां. हा रोग झाला. मघाशी तुम्ही सांगितली ती नुसती तक्रार होती."

मालकानं बसल्याशिवाय ते कुठल्याही गाडीला हात लावत नसत. घाटावर यजमान पाटावर बसल्याशिवाय विधी होत नाही, बदली माणूस चालत नाही, मग इथे का चालावा, असं त्यांचं म्हणणं. त्यापायी त्यांनी चांगली चांगली गिऱ्हाइकं घालवली. मालेगावचा एक मोठा कापडवाला शेठ होता, पांढरेशुभ्र कपडे, मागेपुढे माणसं. त्यानं बसायला साफ नकार दिला. गुरुजींनी त्याच्या ट्रकचं बॉनेट खाली टाकलं आणि पुढच्या गाडीखाली शिरले. शेठ दोन-चारदा येऊन गेला, दुसरीकडे जाऊन आला, आणि एका दुपारी चिडून बसला एकदाचा. बाहेर आला तेव्हा पांढरा सदरा अंगाला असा चिकटला होता की आतल्या बनियनची जाळी दिसत होती. पाणी प्यायला, तोंडावर मारलं आणि म्हणाला, "गुरुजी, अब समझा, मेरे ड्रायव्हर टिकते क्यूँ नहीं." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आपको भी बिठाया क्या?" मी मान हलवली. त्या दिवसापासून आमची ओळख झाली.

खुद्द गुरुजींना एसी सोसत नसे. गार वारा लागला की शिंका सुरू. त्यामुळे दुरुस्ती झाल्यावर केबिन तपासायला चढताना ते भर उन्हाळ्यात माकडटोपी घालायचे आणि खांद्यावर शाल घ्यायचे. मग उदबत्ती पेटवून एकेका झडपेसमोर धरायचे आणि धूर कुठे जातो ते बघायचे. खाली उभ्या असलेल्या नवख्या ड्रायव्हरांना वाटायचं, पूजा चाललीय. ते चपला काढून हात जोडायचे. गुरुजी आतून ओरडायचे, "अरे, पाया काय पडतोस? वारा बघतोय मी!" तरी एकदोघं प्रसाद मागायचेच.

हसू यायचं, पण खरं सांगते, मला त्यांची जरब वाटायची. ज्याला आपलं काम म्हणजे काय हे इतकं स्वच्छ ठाऊक आहे, अशा माणसासमोर आपोआप नीट उभं राहावंसं वाटतं. मोठमोठे ट्रान्सपोर्टवाले, जे आरटीओलाही हसत हसत गुंडाळतात, ते गुरुजींच्या शेडमध्ये मुकाट केबिनमध्ये चढून घाम गाळायचे. ते दृश्य बघायला मी कामाशिवायही जाऊन बसत असे.

आता निंबाभाऊचं सांगते. आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर, सटाण्याकडचा. मी शाळेत असल्यापासून आमच्याकडे. एका उन्हाळ्यात समृद्धी महामार्गावर वाशिमच्या पुढे त्याला ऊन लागलं. गाडी कशीबशी कडेला घेतली आणि तो स्टेअरिंगवरच कोसळला. मागून येणाऱ्या भल्या माणसांनी दवाखान्यात नेलं म्हणून वाचला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा असं झालं तर हा माणूस राहणार नाही. म्हणून मी एसी केबिनची गाडी घेतली आणि ती निंबाभाऊला दिली; गुरुजींकडे पहिल्यांदा नेली ती हीच. तो तिच्यात नवरदेवासारखा बसायचा. सातपूरच्या कारखान्यांचा माल नागपूरला, हीच त्याची खेप. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून समोरचे दिवे डोळ्यांत फुटतात म्हणून रात्री चालवत नसे, म्हणजे जे काही ते दिवसा, उन्हातच.

आणि गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर त्या गाडीचा कंप्रेसर जाम झाला.

नेमका तेव्हाच पार्टचा दुष्काळ होता. नव्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आणि सगळा माल नव्या गाड्यांकडे वळला, असं दुकानदार सांगायचे. खरंखोटं देव जाणे. द्वारकेच्या दुकानांतून मी फिरले. कुंभाच्या कामांसाठी रस्ते उखडलेले, त्यातून वाट काढत एकेक काउंटर गाठायचा आणि तेच उत्तर ऐकायचं, "ताई, बुकिंग लिहून ठेवतो, कधी येईल सांगता येत नाही." मुंबईला फोन केले, पुण्याला केले. कुठेच नाही. निंबाभाऊला मी सांगितलं, कंप्रेसर येईपर्यंत गाडी उभी राहील, तू घरी आराम कर, पगार चालू राहील.

दुसऱ्या दिवशी कळलं, तो आडगाव नाक्यावर दुसऱ्या मालकाकडे विचारून आला होता. जुनी गाडी, केबिनला पंखासुद्धा नाही. मी धावत गेले.

"मरायचंय का तुला?"

"ताई, घर बठीसन काय करू?" तो म्हणाला. तो अहिराणीवर उतरला की समजायचं, आता ऐकणार नाही. "बायको म्हणते झोपा. पोरगा म्हणतो झोपा. झोपून झोपून माणूस मरत नही का?"

त्याला बांधून ठेवणं माझ्या हातात नव्हतं. ड्रायव्हरांची इतकी टंचाई की त्याला कुणीही गाडी दिली असती. म्हणजे एक तर आमचा एसी चालू व्हायला हवा होता, नाहीतर निंबाभाऊ उन्हात जाणार होता. मी गुरुजींना हे सगळं सांगितलं. सांगताना रडले, हेही लिहायला हरकत नाही.

गुरुजींच्या शेडमध्ये तेव्हा गोणपाटावर मेलेले कंप्रेसर ओळीनं मांडलेले असायचे. टंचाई सुरू झाल्यापासून त्यांनी सगळ्या मालकांना सांगून ठेवलं होतं, बिघडलेला भाग भंगारात घालायचा नाही, माझ्याकडे आणायचा. एकाचं सील चांगलं, दुसऱ्याचं बेअरिंग, तिसऱ्याची कॉईल. "पूजेत वस्त्र नसलं तर पूजा थांबते का?" ते विचारायचे. "वस्त्राच्या जागी अक्षता वाहतो. जे नाही त्याच्या जागी जे आहे ते, पण मनापासून."

मात्र दुसऱ्याच्या कंप्रेसरमधला भाग ते असाच काढत नसत. मालकाला बोलवायचे, त्याच्या ओंजळीत तांब्यातलं पाणी घालायचे आणि म्हणायला लावायचे, "न मम." माझं नाही. मग पाणी ताम्हणात सोडायचं, आणि मगच पाना लागायचा. आधी लोक हसले. एवढ्याशा रबरी सीलसाठी उदक सोडायचं? पण गुरुजी नुसते तांब्या धरून उभे राहायचे. शेवटी सगळे म्हणायचे. मालेगावचा शेठ, ज्याच्या दारात गाड्यांची रांग, तो मांडी घालून गोणपाटासमोर बसला आणि "न मम, न मम" म्हणाला. त्यानं दोनदा का म्हटलं ते मी विचारलं, तर हसून म्हणाला, "मेरे दो कंप्रेसर हैं ना."

एकच ट्रान्सपोर्टवाला असा निघाला, की पाणी सोडल्यावर चार दिवसांनी आला आणि म्हणाला, माझा भाग मला परत पाहिजे, त्याला बाहेर चांगली किंमत येतेय. गुरुजी म्हणाले, "पाणी मी संध्याकाळी नदीत नेऊन ओतलं. आता गोदावरीकडे माग." तो माणूस खरोखरच परत गेला. सही केलेला कागद असता तर तो भांडला असता, वकील आणला असता. ओंजळीतल्या पाण्याशी मात्र त्याला भांडता आलं नाही. त्या टंचाईत इतर गॅरेजांतून भाग चोरीला जात होते, एकाचं काढून दुसऱ्याला लावल्यावरून मारामाऱ्या होत होत्या. गुरुजींच्या शेडला साधं कुलूपसुद्धा नसे.

शेठच्या दोन आणि आमच्या एका, अशा तीन मेलेल्यांतून गुरुजींनी निंबाभाऊच्या गाडीसाठी एक कंप्रेसर उभा केला. मी तिथंच बसून होते. बेअरिंग बसताना त्यांनी डोळे मिटून घेतले, बोटांनीच बघत होते जणू. गॅस भरला, इंजिन चालू केलं, माकडटोपी घालून वर चढले. उदबत्तीचा धूर सरळ मागे गेला. केबिन गार झाली. निंबाभाऊ लहान पोरासारखा हसला.

गुरुजी मात्र हसले नाहीत. खाली उतरून त्यांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं.

"हा जोडलेला आहे, जन्मलेला नाही. लांब चढाला दमणार. दमला की आवाज बदलेल. बदलला की लगेच बंद करायचा, निवू द्यायचा, मग पुन्हा चालू. नाही ऐकलंत तर तो जाम होईल आणि पट्टा तोडेल. त्याच पट्ट्यावर इंजिनचं पाणी फिरतं. मग गाडी उन्हात उभी राहील, एसी तर नाहीच."

मी निंबाभाऊकडे बघितलं. इतकी वर्षं इंजिनशेजारी बसून त्याचे कान गेलेले होते. हाक मारायची तर समोर जावं लागायचं. आवाज बदललेला त्याला कुठून कळणार?

"नको जाऊस," मी म्हटलं.

"जासू," तो म्हणाला. "सकाळी निघणार. माल लागेल शे." म्हणजे खेप ठरलेली होती.

गुरुजींनी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, जानवं कानावरून उतरवलं आणि सायकल घेऊन निघून गेले. मला राग आला त्यांचा. निदान निंबाभाऊला दरडावायचं तरी.

दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया होती. आमच्याकडे तो पितरांचा दिवस, निंबाभाऊच्या भाषेत आखाजी. त्या दिवशी रामकुंडावर पाय ठेवायला जागा नसते. गुरुजींचे बांधलेले यजमान कुठून कुठून येतात, बापाच्या, आजाच्या नावानं पाणी सोडायला. घाटावरच्या माणसाला वर्षात याहून मोठी सकाळ नाही. मी उजाडताना आमच्या ट्रकच्या यार्डात गेले ती निंबाभाऊला शेवटचं अडवायला. बघते तर गुरुजी केबिनच्या पायरीवर बसलेले. ओले केस, ताजं गंध, एका हातात तांब्या, दुसऱ्यात पिशवी. पिशवीतून माकडटोपीचा गोंडा बाहेर आलेला.

"गुरुजी, आज? घाट?"

"चुलतभावाला सांगितलंय. यजमानीणबाई, याला कान नाहीत ना? मग कान बरोबर न्यायला नकोत का?" असं म्हणून ते धोतर सावरत वर चढले. गाडी वळून हायवेला लागेपर्यंत मी तिथेच उभी होते. मला हात जोडावेसे वाटले आणि मी जोडले. वॉचमन बघत होता, बघू दे.

पुढचं निंबाभाऊनं सांगितलं. सगळी वाट गुरुजी शाल पांघरून डोळे मिटून बसले होते. त्याला वाटायचं झोपले, आणि मध्येच त्यांचा हात वर यायचा, "बंद." मग काचा खाली. ते तांब्यातल्या पाण्यात पंचा बुडवायचे आणि चालत्या गाडीत त्याच्या डोक्यावर, मानेवर ठेवायचे. थोड्या वेळानं "हं, चालू." सिन्नरपासून असंच. शिंकून शिंकून त्यांचं नाक लाल झालं होतं.

वाशिमच्या पुढे, जिथे तो आधी पडला होता, तिथे नेमकी भर दुपार झाली आणि कंप्रेसर पुन्हा दमला. एसी बंद झाला, गरम वारा तोंडावर आला, आणि निंबाभाऊची गाडी डावी-उजवीकडे सरकायला लागली. ऊन लागलं नव्हतं, आठवण लागली होती. गुरुजींनी पुढच्या पुलाखाली सावलीत गाडी घ्यायला लावली. त्याला खाली उतरवलं, जमिनीवर पंचा पसरून झोपवलं आणि त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. आखातात पहिल्या उन्हाळ्यात ते स्वतः कसे रडले होते, वडिलांना पत्र लिहायची कशी लाज वाटली होती, ते सगळं सांगत बसले. "बापना हात व्हता ताई तो," निंबाभाऊ म्हणाला. गुरुजी त्याच्याहून फार मोठे नव्हते वयानं.

तिथून पुढे त्यांनी त्याला शिकवलं. चपला काढायला लावल्या. अनवाणी डावा पाय केबिनच्या पत्र्यावर ठेवायचा. कंप्रेसर दमला की पत्र्यातली थरथर जाड होते, ती तळव्याला कळते. नागपूर येईपर्यंत हात वर करायची गरज राहिली नाही, गुरुजींच्या आधी निंबाभाऊच बंद म्हणायला लागला. परतीच्या वाटेवर गुरुजी खरंच झोपले. पावसाळ्यात नवा कंप्रेसर आला तोवर सगळ्या खेपा निंबाभाऊनं अनवाणीच केल्या.

ते परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आंबे घेऊन शेडवर गेले. निंबाभाऊ बाहेर गाडीची काच पुसत होता. आत गुरुजींचा चुलतभाऊ आलेला, आणि चांगलाच तापलेला. बांधलेले यजमान कसे नाराज झाले, एक जण तर दुसऱ्याच गुरुजींकडे जाऊन बसला, हे त्यानं सगळं ऐकवलं. मग म्हणाला, "अरे, आखाजीला घाट सोडून ट्रकमध्ये बसलास! लोकांचे पितर ताटकळले असतील."

गुरुजी ट्रकखाली होते. आधी पाना खाली ठेवल्याचा आवाज आला, मग ते सरपटत बाहेर आले आणि तसेच जमिनीवर बसले.

"पितर थांबतात रे," ते म्हणाले. "त्यांना कुठं जायचंय? हा थांबत नव्हता." त्यांनी बाहेर निंबाभाऊकडे बघितलं. "मी घाटावर बसलो असतो, तर पुढच्या आखाजीला याचा पोरगा माझ्यासमोर पाटावर बसला असता. आणि मला त्याला विचारावं लागलं असतं, सांग बाळ, वडिलांचं नाव काय?"